तीन विकून सात?

आज सकाळी सकाळीच डोकं फिरलं. शेजारचा मुलगा त्याचा सोनी आरएक्स१०० मार्क ३ हातात घेऊन दारात. "मावशी, हा विकून मार्क ७ घेऊ का? हा आता आउटडेटेड आहे म्हणतात." म्हणतात म्हणजे कोण, तर रील. पुरावा म्हणून एक फोटो दाखवला: संध्याकाळी देवासमोर वाती वळत बसलेली त्याची आजी. चेहरा बरा आलाय, हातांच्या जागी मात्र नुसता कापूस. "बघ ना, कॅमेराच संपलाय."

फोटोची माहिती उघडली. ७० मि.मी. (म्हणजे झूम पूर्ण पुढे), एफ/२.८ (लेन्स किती उघडी ते; आकडा लहान तितकी जास्त उघडी), शटर १/१३ सेकंद उघडं, आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा ते) १६००. आयएसओची वरची मर्यादा त्यानेच १६०० वर बांधून ठेवलेली, कारण 'दाणे येतात' असं कुणीतरी सांगितलेलं. आता १/१३ सेकंदात आजीचा हात चांगलाच सरकतो. त्याला जगातला कुठला कॅमेरा काय करणार? लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात थरथरला तर सांभाळतं, आजीचा नाही. एवढं साधं कुणी सांगत नाही, पण मार्क ७ चे फोकसचे ३५७ फेज डिटेक्शन पॉइंट सगळ्यांना तोंडपाठ.

आणि गंमत म्हणजे ज्याला 'नवा' म्हणून विकतायत तो मार्क ७ सुद्धा २०१९ चा आहे. मार्क ३ आला २०१४ मध्ये. दोन्हींत 'एक इंची' सेन्सर (इंच नुसता नावाला, माप १३.२ × ८.८ मि.मी.), दोन्ही २० मेगापिक्सेलचे. सातचा सेन्सर स्टॅक्ड आहे, म्हणजे माहिती फार झपाट्याने वाचून बाहेर काढतो, वेग तिथून येतो. पण भर दुपारी आयएसओ १२५ ला काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा, हे सांगताना भलेभले अडखळतील.

खरा फरक लेन्सचा आहे आणि तोच कुणी बोलत नाही. तीनची लेन्स २४ ते ७०, एफ/१.८ ते २.८. सातची २४ ते २००, एफ/२.८ ते ४.५. एवढा झूम खिशात मावावा म्हणून उजेडाचा बळी दिलाय. सात पूर्ण वाइडला जेवढी उघडते, तेवढी तीन पूर्ण झूमला उघडते! ७० ला आणल्यावर सात एफ/४ च्या आसपास पोचलेली असते. म्हणजे आजीचा तोच फोटो, त्याच जागेवरून, त्याच आयएसओला सातने काढला असता तर शटर १/१३ नाही, १/६ झालं असतं. हातांचा कापूस होता, त्याचा ढग झाला असता. पदरचे पैसे घालून.

हे ऐकल्यावर पोरगं गप्प झालं. मला जरा वाईटही वाटलं, कारण त्याने पैसे साठवलेत आणि चूक त्याची नाही.

तर आहे त्या कॅमेऱ्यात काय करायचं ते सांगते. तीनची एक खोड माहीत हवी: १.८ ही फक्त २४ ला मिळते. झूम थोडा जरी पुढे सरकवला तरी ती मिटायला लागते, आणि ३५ येईपर्यंत २.८ झालेली असते. तिथून ७० पर्यंत २.८ च. म्हणून अंधाऱ्या खोलीत झूमला हात लावायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं. २४ ला एफ/१.८ म्हणजे २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड: १/१३ चं १/३० झालं. आयएसओची मर्यादा ३२०० केली, १/६० झालं. ६४०० केली, १/१२५. इथे हात थांबतात. दाणे येतील, येऊ देत. दाणे असलेला फोटो भिंतीवर लावता येतो, हललेला नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढलात तर आजकालची नॉइज काढणारी सॉफ्टवेअरं ६४०० चा फोटो बऱ्यापैकी साफ करून देतात. मोड एस ठेवा (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), शटर १/१००, आयएसओ ऑटो, मर्यादा ६४००. कॅमेरा अंधारात लेन्स आपणहून पूर्ण उघडतो.

कुणीतरी खाली लिहिणारच की २४ ला काढून नंतर क्रॉप करू, पुढे कशाला जायचं? जाऊ नका, पण मग ३५ एवढी चौकट कापलीत की २० मधले ९ मेगापिक्सेल उरतात आणि एफ/१.८ ने कमावलेला उजेड त्या कापण्यात बहुतेक सगळा जातो. दाणे तेवढेच दिसतात. पावलं टाकणं फुकट आहे. फक्त चेहरा चौकटीच्या कडेला ठेवू नका, २४ ला कडेचं डोकं दुधीसारखं ताणलं जातं. आणि एक मीटरच्या आत घुसू नका, नाहीतर आजींचं नाक आधी येईल आणि आजी मागून.

बरं, सात वाईट आहे का? नाही. ऑटोफोकस भारी आहे, मान्य. तीनला कॉन्ट्रास्ट पद्धतीचे २५ पॉइंट आहेत, फोकस पुढेमागे चाचपडतो आणि धावणारं मूल त्याला सापडत नाही. सात डोळा पकडतो आणि सोडत नाही. तीनलाही सेकंदाला १० फोटो काढता येतात, पण फोकस पहिल्या फोटोलाच कुलूपबंद. सात २० काढतो आणि प्रत्येक फोटोत फोकस साधत जातो. टचस्क्रीन आहे, माइकचं ३.५ मि.मी. भोक आहे, फोर-के आहे. लहान मूल, कुत्रा, मैदानावरचा खो-खो, किंवा स्वतः बोलत व्हिडिओ करायचा असेल तर घ्या सात, मी आडवी येणार नाही. फक्त एलईडी दिव्यांखालच्या स्टेजवर ते २० फोटो काढायला जाल तर इलेक्ट्रॉनिक शटरमुळे कधीकधी आडवे पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटरवर यायचं, मग तो वेगही गेला. फोर-के चालू केलंत तर मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर' हे 'हाय'वर टाका, नाहीतर गरम झाला म्हणून मध्येच बंद पडेल. 'हाय'वर टाकल्यावर मात्र हातात धरू नका, ट्रायपॉडवर लावा. चटका बसण्याइतका तापतो.

आणि २०० मि.मी.? पालखी सोहळ्यात लांबून एका वारकऱ्याचा चेहरा हवा असेल, किल्ल्यावरून समोरचा सुळका जवळ हवा असेल तर मजा आहे. भर उजेडात. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू मात्र त्यात नखाएवढाच दिसतो आणि झाडीखालच्या अंधारात एफ/४.५ वर आयएसओ कुठल्या कुठे जातं. पक्ष्यांचं तर नावच काढू नका.

आता अशी गोष्ट, जिच्यावरून माझं टाळकं सटकतं. तीनमध्ये एनडी फिल्टर आहे, म्हणजे लेन्सचा काळा चष्मा, आतच, तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). बटणावर. सातमध्ये नाही! काढून टाकला, त्या लांब झूमपुढे जागा उरली नाही. पावसाळ्यात ढगाळ उजेडात धबधबा काढायचा आहे: आयएसओ १२५, एफ/११ वर साधारण १/४० येतं. पाणी ना थांबलेलं ना रेशमी, मधलंच काहीतरी. तीनचा एनडी लावला की तेच १/५ होतं, कॅमेरा दगडावर टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला, झालं. सातला फिल्टरसाठी आटेच नाहीत, त्यामुळे पुढे रिंग चिकटवा, त्यावर फिल्टर लावा, तो मावत नाही म्हणून पाऊच बदला. सातचं इलेक्ट्रॉनिक शटर १/३२००० पर्यंत जातं, म्हणून कडक उन्हात लेन्स उघडी ठेवता येते आणि तीन १/२००० वरच अडतो, हे खरं. पण उन्हात १/५० एवढ्या संथ शटरला व्हिडिओ हवा असेल तर एनडीच लागतो, १/३२००० घेऊन काय लोणचं घालायचं?

आजीच्या फोटोवर परत येते, कारण प्रश्न तिथेच आहे. तो मुलगा काय काढतो? घर, देवघर, गल्लीतला गणपती, मित्रांचे रात्रीचे चहाच्या टपरीवरचे फोटो. सगळा अंधार. त्याला उजेड हवाय आणि रील त्याला झूम विकतंय.

तुम्ही काय काढता हे तुमच्या कॅमेऱ्याला माहीत आहे, त्याला विचारा. शेवटचे ५०० फोटो घ्या. लाइटरूम असेल तर मेटाडेटाच्या पट्टीत फोकल लेंग्थ निवडा, प्रत्येकापुढे किती फोटो ते लिहून येतं. एक गंमत: तिथे ७० दिसणार नाही, २५.७ दिसेल, कारण तो लेन्सचा खरा आकडा. २४ म्हणजे ८.८. आता बघा, २५.७ वर किती फोटो साचलेत? आणि त्यातले किती तुम्ही नंतर कापून आणखी जवळ आणलेत? दीडदोनशे निघाले तर तुम्हाला खरंच झूम कमी पडतोय, सातचा विचार करा. उलट ८.८ वर ढीग असेल आणि आयएसओ सगळीकडे वर लागलेला असेल, तर सात तुम्हाला मागे नेणार. या मुलाच्या कार्डावर बसूनच बघितलं. निम्म्याहून जास्त फोटो ८.८ चे. मग?

"फोनच बरा" म्हणणाऱ्यांनो, स्थिर देऊळ, स्थिर इमारत रात्री फोन छान काढतो, पाचसहा फ्रेम एकावर एक रचून. मान्य. वाती वळणारे हात रचून दाखवा.

जुना ठेवायचा तर तो धड आहे का एवढं मात्र तपासायला हवं, तिथे मी भावनेत वाहणार नाही. झूम सगळा पुढे घेऊन, एफ/११ वर, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय. ही लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सर पुसायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. पण ठिपके एफ/२.८ ला दिसत नसतील तर उघडायची घाई नको. मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा समोर अगदी सरळ टेकवा, २४ ला एफ/२.८ वर काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं साधारण सारखी हवीत. एकच कोपरा पाणी पाजल्यासारखा पुसट असेल तर कधीतरी पडल्यामुळे लेन्स तिरकी झालीय, मग विकण्याचा विचार रास्त. चालू करताना लेन्स करकरते का तेही ऐका. ती प्रत्येक वेळी आतबाहेर होताना भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर खिशातला कचरा. जीन्सच्या खिशात उघडा टाकू नका, चार पैशांचं पाऊच घ्या. समुद्रावर वाळू गेली तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. तोंड खाली करून रबरी ब्लोअरने फुंका. आणि देवाशपथ, ओला झालेला कॅमेरा तांदळात पुरू नका! तांदळाची भुकटी लेन्सच्या नळीत जाऊन बसते.

तीनचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) दोन टप्प्यांत उघडतो, वर आला की डोळ्याकडचा भाग ओढायचा आणि मिटताना आधी तो आत ढकलायचा. विसरून वरून दाबणारे महाभाग असतात, मग 'व्ह्यूफाइंडर बिघडला'. सातमध्ये हे एका झटक्यात होतं, घ्या, हाही गुण दिला.

बॅटरी दोन्हींची एकच, एनपी-बीएक्स१, १२४० एमएएच. ठरलेल्या चाचणीत एका चार्जवर तीन ३२० फोटो काढतो, सात २६०. जुनी बॅटरी निम्म्यावर आली असेल तर चांगली नवी घ्या, कॅमेरा नको. स्वस्त बॅटरी फुगते आणि कप्प्यात अडकते, मग चिमट्याने ओढत बसा. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये.

एवढं लिहिता लिहिता राग उतरला खरा. मुलगा हौशी आहे. शटर आणि आयएसओचं ते गणित त्याने मोबाईलवर स्वतः करून बघितलं, आणि जाताना विचारून गेला, "मावशी, आजी वाती किती वाजता वळते बघू का? सहाला खिडकीतून उजेड असतो." कुठलंही मॉडेल न बदलता मिळालेले दोन स्टॉप ते! आयएसओची मर्यादा ६४०० वर इथेच करून दिलीय. झूमच्या दांडीला हात लावलास तर बघ, म्हटलं. उद्या संध्याकाळी काढणार आहे. आजींना आधी विचार, एवढं सांगितलंय.