वणव्याचा हंगाम संपतो तिथे झोळीचा सुरू होतो

सातपुड्यातल्या आरोग्यावर चर्चा निघाली की मागणी एकच, 'अजून 108 रुग्णवाहिका द्या'. द्या की, नको कोण म्हणतंय? 2014 पासून ही सेवा राज्यात आहे, गाडीत डॉक्टर असतो, चांगलंच आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे वेळ जातो तो गाडीत नाही, पाड्यापासून डांबरी सडकेपर्यंत. त्या टप्प्यात ना डॉक्टर असतो ना ऑक्सिजन. चार माणसं असतात आणि एका बांबूला बांधलेली कापडाची झोळी, तिच्यात रुग्ण.

आता दुसरी बाजू बघा. वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. तेवढ्यापुरते पाड्यावरचेच लोक हंगामी अग्निरक्षक म्हणून घेतात. 15 जून उलटला की घरी बसा. आणि नेमके तेव्हाच नाले भरतात, चांदसैली घाटात दरड येते, झोळ्या निघतात. झोळीला खांदा देणारे बहुतेक तेच. मग त्यांना पावसाळ्यातही का ठेवू नये? आग आणि प्रथमोपचार दोन्ही शिकवून?

दोन्ही कामं वाटतात तितकी लांबची नाहीत. चढावर आग वर पळते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या काळ्या जागेपासून सुरुवात करून दोन्ही बगलांनी तोंडाकडे सरकायचं. ब्लोअरवाल्याने पाला जळालेल्या बाजूला उडवायचा, हिरव्या बाजूला उडवला की ठिणगी पुढे गेलीच. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यायचं, तेही जाळापासून लांब. अंगात सुती कपडे. पॉलिस्टरचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. (खात्याकडून मिळणारं टी-शर्ट कशाचं आहे, ते एकदा लेबलवर वाचा.) मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला मोहाखालचा पाला पेटवतात, त्यावर नुसती बंदी घालून भागत नाही. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि काडी लागत नाही.

भाजलेल्याचंही तसंच. वीस मिनिटं साधं गार पाणी, नळ नसेल तर तांब्याने सलग ओतायचं. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. बाकी अंग मात्र पांघरुणात ठेवायचं, विशेषतः पोर असेल तर.

झोळीबद्दल जरा सविस्तर, कारण खरा घोळ तिथे होतो. झोळीत माणूस कमरेत दुमडतो आणि हनुवटी छातीला टेकते. शुद्धीवर असलेल्याला चालतं. बेशुद्ध असेल किंवा धाप लागली असेल तर त्याच दुमडण्याने श्वासनलिका दाबली जाते. झाडावरून पडलेल्याचा मणका झोळीत घालणं तर सरळ धोका. त्याला दोन बांबू आणि खतांच्या गोण्या पुरतात: तळाचे दोन्ही कोपरे कापायचे, दोन-तीन गोण्या एकामागे एक बांबूंत ओवायच्या, माणूस झोपवून बांधायचा. आधी धडधाकट माणूस निजवून उचलून बघायचं, कुजका बांबू तिथेच कळतो. चौघं खांद्याला, चौघं बदलीला. चढाला डोकं पुढे, उताराला पाय पुढे, म्हणजे डोकं कायम वर. बाळंतपणाची बाई डाव्या कुशीवर.

साप चावला तर आधी कडी-वाळे काढा. आपल्याकडे चांदीचे जाड दागिने असतात, सूज चढली की ते काढता येत नाहीत. दोरी आवळायची नाही, चीर द्यायची नाही. पाय फळीला बांधून स्थिर, चालवायचं नाही आणि चावल्याची वेळ हातावर पेनाने लिहायची. प्रतिविषाची सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी होते, त्यामुळे कुठल्या दवाखान्यात साठा आहे हे निघण्याआधी विचारलेलं बरं. भगताशी भांडत बसू नका. तो मंत्र म्हणेपर्यंत फळी बांधून होते.

फोनचं वेगळंच. सीमेवर रेंज गुजरातची किंवा मध्य प्रदेशची पकडली तर 108 तिकडच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून पहिलं वाक्य जिल्हा-तालुक्याचं, दुखण्याचं नंतर.

'पैसा कुठला?' हे येणारच. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी, म्हणजे एकाच कामाला न बांधलेला पैसा, थेट मिळतो. खर्चाच्या बाबींत आरोग्यही आहे आणि वनसंवर्धनही. एकाच पथकाला दोन्ही लागू पडतात. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा: पाड्यागणिक आठ जण, त्यात निदान तीन बाया, दोन ब्लोअर, घडीचं स्ट्रेचर, फळ्या-पट्ट्या, बॅटऱ्या, आणि पावसाळ्याचे चार महिनेही मजुरी. शेवटचा मुद्दा खोडायला बघतील. तोच सोडू नका.