खिळा खाली ठेवा आधी!

प्रिंटरमधून आलेल्या बिलावर उभी पांढरी रेघ दिसली, की कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानाच्या गल्ल्यातून पहिलं काय निघतं? खिळा! नाहीतर ब्लेड! अरे, थर्मल हेड आहे ते, कागद तापवून अक्षरं उमटवणारी प्रिंटरची पट्टी, करपलेला तवा नव्हे! घाणीची रेघ पुसून गेली असती. आता वरचा थर खरवडला, खालचा तापणारा ठिपका मेला, रेघ कायमची. दुसरे शहाणे सॅनिटायझर चोळतात. त्यातलं ग्लिसरीन कोण काढणार, तुमचा काका? प्रिंटर बंद, हेड गार, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, एकाच दिशेनं पुसायचं, सुकू द्यायचं. रोल बदलताना एवढंच! पण नाही. मिसळीच्या कटाचं बोट हेडला, छपाईचा डार्कनेस (गडदपणा) शेवटच्या टोकाला, रोल सगळ्यात स्वस्त आणि खरखरीत. वर विचारणार, ‘हेड वॉरंटीत बसतंय न्हवं?’