मालकाकडून उत्तर: गोळी का नाही दिली

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की रात्री साडेनऊला पोराला 102 ताप होता, तुम्ही सेफिक्झिम (अँटिबायोटिक) मागितली, आमच्या माणसाने चिठ्ठीशिवाय दिली नाही, वरून पोरासमोरच "रातोरात जाईल हा" म्हणाला, मग दुसऱ्या मेडिकलमधून घेतली आणि दोन दिवसात पोरगा खेळायला लागला. म्हणून एक स्टार.

बोलण्याचं आधी. ते चुकलंच. सहा वर्षाच्या लेकरासमोर असं बोलतात का, त्याला चांगला झापलाय मी, तुमची माफी मागतो. पण गोळी न दिल्याची माफी नाही मागणार भाऊ, उद्या आलात तरी नाही देणार. एक तर ती एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येते, रजिस्टरला डॉक्टरचं नाव लिहावं लागते. पण कायदा सोडा.

तुम्हीच लिहिलंय पोरगा सिकलसेलचा, एसएस पॅटर्न (आई-बाप दोघांकडूनही आलेला रक्ताचा आजार), म्हणून बोलतोय. आपल्या विदर्भात सिकलसेल म्हटलं की लोकांना हातपाय दुखणं माहीत, रक्त चढवणं माहीत, तापाचं मात्र फार कमी जणांना माहीत. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, तिल्ली म्हणतो आपण, ती रक्तातले जंतू गाळते. विळ्यासारख्या वाकड्या पेशी तिथे अडकून अडकून तिचा रक्तपुरवठाच तुटतो, एसएसवाल्या बहुतेक पोरांची तिल्ली पाच वर्षांपर्यंत कामातून गेलेली असते. मग न्यूमोकोकससारखा जंतू रक्तात शिरला की अडवणारं कोणी नाही. सुरुवात साध्या तापासारखीच, थंडी, उलटी, अंगदुखी, आणि मग काही तासात बीपी पडतो, 24 ते 48 तासात खेळ खलास. अपघातात तिल्ली काढलेल्यांनाही हाच धोका, असं इन्फेक्शन झालं तर इलाज करूनही निम्म्याच्या आसपास दगावतात.

तुमच्या पोराचा व्हायरल असेल, बरा झाला, खरंच आनंद आहे. पण त्या रात्री काउंटरवरून हे मला कसं कळणार, नुसतं बघून डॉक्टरलाही नाही कळत, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) पाठवतात आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. घरी गोळी देऊन "सकाळी बघू" म्हणायचा हा ताप नाही.

"लसी सगळ्या झाल्यात" असंही लिहिलंय. बेस्ट केलं. पण न्यूमोकोकसचे 90 च्या वर प्रकार आहेत, लसीत त्यातले थोडेच. पेन्सिलिनचं तेच, 1986 ला अमेरिकेत छोट्या सिकलसेल पोरांवर अभ्यास झाला, रोज दोनदा पेन्सिलिन दिली तर हे इन्फेक्शन 84 टक्के कमी झालं. राहिलेले 16 टक्के कुठे गेले, ते असतातच ना.

म्हणून 101 च्या वर गेला की रात्र असो का दिवाळी, सरळ नागपूरच्या मेयो हॉस्पिटलच्या नाही तर मेडिकलच्या (आमचं नाही, मोठं मेडिकल, सरकारी कॉलेजचं हॉस्पिटल) कॅज्युअल्टीला न्यायचं आणि पहिलं वाक्य "पोरगा एसएस आहे", ताप किती ते नंतर. आमच्या माणसाला हेच सांगायचं होतं, सांगता आलं नाही.

आणि हो, रागारागात तुम्ही नवा थर्मामीटर काउंटरवरच विसरून गेलात, पैसे दिलेले आहेत त्याचे. ठेवलाय, घेऊन जा.