काळ्या दगडाखालची लॅटिन

नमस्कार,

रोमच्या सुरुवातीवरच्या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. ‘रोमचं स्वतःचं काही नव्हतंच, जे होतं ते एट्रुस्कनांचं, आणि तुम्ही त्यांना दोन ओळींत गुंडाळलंत’ हा तुमचा आक्षेप. (एट्रुस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेला, एट्रुरियात राहणारे लोक.) यातला शेवटचा भाग मला मान्य आहे. दोन ओळी फारच कमी झाल्या.

रोमवर राज्य केलेले टार्क्विन राजे एट्रुरियातून आले, हे रोमन लोक स्वतःच सांगत. लिपीही एट्रुस्कनांच्या हातूनच रोमला पोहोचली. त्यांच्या भाषेत ‘क’ आणि ‘ग’ हा भेद नव्हता, म्हणून रोमनांनीही दोन्हींसाठी ‘सी’ हे एकच अक्षर वापरलं. पुढे ‘जी’ वेगळं झालं, तरी ‘गायस’ नावाचं लघुरूप ‘सी’च राहिलं. मला हा पुरावा फार आवडतो.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र तुम्ही दिलाच नाहीत. वुल्ची या एट्रुस्कन शहरात १८५७ मध्ये सापडलेल्या एट्रुस्कन थडग्याच्या भिंतीवर ‘रोमचा ग्नेयस टार्क्विनियस’ मारला जाताना रंगवलाय. त्याच चित्रात मस्तार्ना नावाचा एट्रुस्कन वीरही आहे. आणि इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसनं सिनेटला सांगितलं होतं, की एट्रुस्कन लेखकांच्या मते रोमचा राजा सर्व्हियस टुलियस म्हणजेच हा मस्तार्ना!

पण एवढ्यावरून रोम एट्रुस्कनांनी वसवलं असं ठरत नाही. १८९९ मध्ये पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनी यांना फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, काळ्या फरशीखाली एक कोरीव दगड सापडला. लेख इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे परंपरेनं जो टार्क्विनांचा काळ मानतात, साधारण तेव्हाचा. गावाच्या मध्यभागी, पवित्र जागी, राजाचा उल्लेख असलेला हा लेख आहे लॅटिनमध्ये. त्यातला राजासाठीचा शब्द आणि आपला ‘राजन्’ एकाच मुळाचे. एट्रुस्कन भाषेचं लॅटिन-संस्कृतच्या या कुळाशी नातंच नाही. गाव त्यांनीच वसवलं असतं, तर इतका महत्त्वाचा लेख दुसऱ्यांच्या भाषेत का कोरला असता?

शिवाय वस्ती टार्क्विनांच्या कितीतरी आधीची. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर १९४८ च्या उत्खननात लोहयुगीन झोपड्यांच्या खांबांची भोकं मिळाली. खालच्या दलदलीच्या खोऱ्यात हे लोक मुडदे पुरत. पुढे तिथंच भराव घालून फोरम उभा राहिला. जवळच टायबरमधलं बेट, नदी ओलांडायला सोयीची जागा, आणि समुद्राकडून डोंगराकडे जाणारी मिठाची वाट. लॅटिन, शेजारचे सबाइन, एट्रुस्कन, ग्रीक, सगळ्यांचे पाय इथून जाणारच. रोमचा दंतकथेतला संस्थापक रोम्युलस यानं पळून आलेल्यांना आसरा दिला, ही कथा रोमनांनी लपवली नाही, उलट जपली. आपण सरमिसळीचे आहोत, याची त्यांना लाज नव्हती.

मूळ लेखात वुल्चीचं थडगं आणि ‘सी’ अक्षराची गोष्ट आता घातली आहे. ‘लॅटिन खेड्याचं रोम’ हे शीर्षक मात्र तसंच ठेवते आहे.