दुर्बिणीचंच ना?

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास माझी उशी घर सोडून गेली. नवऱ्याने ती काखेत मारली, पायांत चपला सरकवल्या आणि "आलोच, काकांना देऊन येतो, त्यांची कंबर धरलीय" असं म्हणत तो बाहेर पडला. मी पलंगावर आडवी. सध्या उठायचं म्हणजे माझा तीन अंकी कार्यक्रम असतो. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कोपराच्या जोरावर धड उचलायचं. माझा दुसरा अंक चालू होता तेव्हा उशी जिना उतरत होती.

उशीसाठी एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्या पोटाला अजून कोणी भोकं पाडलेली नाहीत. मला चार आहेत. एक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या बरगडीच्या खाली. पाच दिवसांपूर्वी त्यांतून माझं पित्ताशय बाहेर काढलं. घरी सोडताना नर्सबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. जड उचलायचं नाही, आणि खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. पहिली गोष्ट घरात कोणाला आवडली नाही, दुसरी कोणी ऐकली नाही.

आता कालचं.

ऋतू असा आहे की शरद सरलाय आणि थंडी अजून दारात चपला काढतेय. या दिवसांत सूर्य आडवा होतो. एरवी डोक्यावरून निघून जाणारा, आमच्या खिडकीत ढुंकूनही न बघणारा, तो आता दुपारी थेट घरात येतो. दोनला उन्हाचा तुकडा कपाटाच्या पायाशी असतो, तीनला माझ्या खुर्चीवर, साडेचारला भिंतीवर चढतो आणि मग दिवसच संपतो. चार दिवस माझं वेळापत्रक हेच होतं. तीन ते साडेचार, खुर्ची, पाठीवर ऊन, पोटावर उशी. दिवसातला तेवढाच दीड तास मी माणसात असते.

काल पावणेतीनला भाऊकाका आले. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, वय चौऱ्याहत्तर, तब्येत माझ्याहून बरी. मी तेव्हा बाथरूममध्ये होते. पोटावर चार चिकटपट्ट्या असताना तिथून लवकर परतता येत नाही. परत आले तर खुर्चीवर काका. खुर्चीवर आधी माझी शाल, चष्मा, गोळ्यांचं पाकीट आणि फोन असा संसार होता. तो त्यांनी नीट, प्रेमाने, जमिनीवर मांडून ठेवला होता. मला सध्या वाकता येत नाही, त्यामुळे जमिनीवर गेलेली वस्तू माझ्यापुरती वारलेली असते.

"काका, पाठीला उशी घ्या ना," नवरा म्हणाला, आणि माझी उशी त्यांच्या पाठीमागे गेली. मी समोरच्या स्टुलावर बसले. खिडकीकडे तोंड करून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"काय झालं होतं गं नक्की?"

"पित्ताशय काढलं, काका. खडे होते."

"दुर्बिणीचंच ना?"

"हो."

"मग ठीक आहे."

हे 'मग ठीक आहे' मला झोपेत ऐकू येतं. भूल दिलेली, नळी घशात घातलेली, एक अख्खा अवयव शरीरातून गेलेला, आणि 'मग ठीक आहे'. जणू मी बस चुकल्याचं सांगितलं आणि त्यांनी दोन मिनिटांत दुसरी असल्याचं.

"दुर्बिणीचं म्हणजे काय," काका नवऱ्याला समजावू लागले, "नखं काढल्यासारखं. आमच्या वेळी ऑपरेशन असायचं." आणि त्यांनी शर्ट वर केला.

मी दृष्टी वळवली, पण कुठे वळवणार? मान फिरवली की पोटही फिरतं. तेव्हा पाहिलं. उजव्या बरगडीखालून तिरका खाली आलेला व्रण, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. नकाशात रेल्वेमार्ग दाखवतात तसा.

"मोज," काका म्हणाले.

"काय?"

"मोज, मोज. टेप आण रे."

आणि नवऱ्याने टेप आणली. हे मला विशेष लागलं. पाच दिवसांत या माणसाला मीठ, मोजे, गिझरचं बटण आणि स्वतःचा टॉवेल यांतलं काहीही मला विचारल्याशिवाय सापडलेलं नाही. टेप दहा सेकंदांत सापडली. सतरा सेंटीमीटर भरले.

"तुझं केवढं?"

"बेंबीचं एक सेंटीमीटर. छातीखालचं तेवढंच. बाकीची दोन अर्ध्या-अर्ध्याची."

काकांनी मनात बेरीज केली. "म्हणजे सगळं मिळून तीन." आणि त्यांनी माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की बाबा रे, तीन सेंटीमीटरसाठी तू इतके दिवस घरी बसलास?

खरं सांगायचं तर या भांडणात काका एकटे नाहीत. पडून पडून मी फोनवर पित्ताशयाचा सगळा इतिहास वाचून काढलाय. 1882 साली बर्लिनमध्ये लांगेनबुख नावाच्या सर्जनने पहिल्यांदा पोट उघडून पित्ताशय काढलं. तो त्रेचाळीस वर्षांचा पेशंट दुसऱ्या दिवशी बसून सिगार ओढत होता. (काकांचा कोणी पूर्वज असावा.) पुढे 1985 साली जर्मनीतच म्युहे यांनी ते दुर्बिणीने, लहान भोकांतून काढून दाखवलं, तर त्यांच्या सर्जन बांधवांनी काय केलं? नाकं मुरडली. त्यांच्याच संस्थेने त्यांचा सन्मान करायला 1992 साल उजाडलं. म्हणजे 'दुर्बिणीचंच ना' हे वाक्य फार शिकलेल्या तोंडांतूनही आलेलं आहे. फक्त त्या सिगारवाल्याची एक गोष्ट काकांना सांगायची राहून गेली. त्याला दवाखान्यातून सहा आठवड्यांनी घरी सोडलं होतं. सहा आठवडे! मला दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनमध्ये पावडर कुठल्या खणात घालायची ते विचारायला उठवलं.

"आणि खांदा का दाबत्येस?" काकांचं लक्ष बारीक.

हा प्रश्न मी टाळत होते. दुर्बीण घालण्याआधी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत हात चालवायला जागा होते. नंतर तो वायू काढून टाकतात, पण थोडा राहतोच. तो पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूला, त्रास देतो. पडद्याची नस निघते मानेतून, खांद्याच्या नसाही तिथूनच. मेंदूचा पत्त्यात घोटाळा होतो आणि बिघाड पोटात असून खांदा ठणकतो. हे मी सगळं सांगितलं. अगदी मानेपासून.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पोटात हवा भरली."

"हो."

"आणि पूर्ण काढली नाही."

"थोडी राहते, काका. विरून जाते."

"म्हणजे काम अर्धवट," काका नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली. कोणत्या बाजूने डोलावली ते मी पाहून ठेवलंय.

मग खडे बघायचे झाले. डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिले होते, सात, पिवळट तपकिरी. काकांनी बाटली उन्हात धरली, कानाशी नेऊन खुळखुळवली. "हे खडे? ही कच आहे. माझा एकच होता, पण गोटीएवढा." काही माणसांना दुसऱ्याच्या दुखण्यातही मोठा वाटा लागतो.

बाटली ठेवताना त्यांना ते यंत्र दिसलं. श्वासाचा व्यायाम करायचं, प्लास्टिकच्या तीन नळ्या आणि तीन गोळे असलेलं. भुलीनंतर छातीच्या तळाशी कफ साचू नये म्हणून नळीने हळूहळू श्वास आत ओढायचा, की गोळे वर जातात. पहिला सेकंदाला 600 घनसेंटीमीटर हवा ओढली की, दुसरा 900ला, तिसरा 1200ला. मी चार दिवस दर तासाला ओढतेय. पहिला गोळा जातो. दुसरा थरथरतो, विचार करतो आणि बसतो.

"हे काय खेळणं?" म्हणत काकांनी माझी नळी तोंडात घातली.

माझी. नळी. तोंडात.

टक्, टक्, टक्. तिन्ही गोळे वर. आणि वरच राहिले! काकांचे डोळे वटारलेले, मिशा नळीभोवती फिस्कारलेल्या, गोळे छताला चिकटल्यासारखे. नवऱ्याने टाळी वाजवली. मीही वाजवली असती, पण टाळीचा धक्का बेंबीपर्यंत जातो.

"एवढंच करायचं?" काका म्हणाले. "यात कठीण काय आहे?"

यानंतर ते नवऱ्याकडे वळले, आवाज मऊ झाला. "तुझं मात्र कौतुक हं. बायको आजारी, घर, सगळं एकटा बघतोयस. वाळलायस रे."

इथे मला थोडं गंभीरपणे बोलायचंय, शिंक येईपर्यंत. दहा-बारा वर्षं मी हे घर चालवतेय, त्यात कोणी येऊन मला 'वाळलीस गं' म्हटल्याचं आठवत नाही. याने चार दिवस कपडे वाळत घातले तर जिन्यात बातमी पोचली. आणि कसे घातले? घडीसकट. गेल्या आठवड्यात थंडीचे कपडे माळ्यावरून काढायचे होते, ते मी ऑपरेशनच्या आधी काढून ठेवायला हवे होते असं त्याचं म्हणणं. परवा त्याने स्वतः काढले. चुकीची बॅग काढली. त्यामुळे मी सध्या गाऊनवर त्याचा कॉलेजातला स्वेटर घालून बसते, कारण माझे स्वेटर कुठल्या बॅगेत आहेत ते मला माहीत आहे, पण ती बॅग पाच किलोंच्या वर आहे. तो वाईट नाही. विचारतो तरी. पण विचारणं हेही एक काम असतं आणि उत्तर देणं हे दुसरं, आणि दुसरं अजून माझ्याकडेच आहे. विश्रांती घे म्हणतात. घेते. पडल्या पडल्या सगळं घर तोंडी चालवते.

तर शिंक.

सूर्य खाली येत येत चारच्या सुमारास काकांच्या खांद्यावरून थेट माझ्या डोळ्यांत आला. काही माणसांना लख्ख उजेडात शिंक येते. चार-पाच जणांत एखादा असा निघतो, आणि हे आईबापांकडून येतं. आमच्याकडे आईकडून. ती अंगणात पाय ठेवला की शिंकायची आणि आम्ही हसायचो. काल ते हसणं फिटलं.

नाक हुळहुळलं. मी उशीकडे हात केला. ती काकांच्या पाठीमागे.

"काका... उ..."

"ऊन? हो, छान ऊन येतं तुमच्याकडे."

"उशी..."

"उशीर कसला! बसतो की अजून."

आणि आली. दोन्ही पंजे पोटावर दाबले तरी चारही भोकांनी वेगवेगळी तक्रार नोंदवली. बेंबीची सर्वांत मोठ्याने. डोळ्यांसमोर अंधार, मग चांदणं, मग काका. ते दचकून अर्धे उभे राहिले होते, मांडीवरचं यंत्र खाली पडलं होतं, ते उचलायला ते झटक्यात वाकले आणि तसेच राहिले.

"आई गं," काका म्हणाले. मी म्हणायच्या आत.

पुढचा अर्धा तास घरात एकच पेशंट होता. नवऱ्याने त्यांना धरून खाली नेलं, माझं शेकायचं तेवढं सोबत दिलं, पाय चेपायची तयारी दाखवली. मी स्टुलावरच. शाल जमिनीवर, चष्मा जमिनीवर, ऊन भिंतीवर. पित्ताशयाचे खडे मात्र काकांनी जाताना शर्टाच्या खिशात टाकले होते, ते रात्री परत आले.

"तुझ्या शिंकेने त्यांच्या कमरेत चमक भरली," नवरा झोपताना म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. म्हणून आज सकाळी उशी गेली. भरपाई म्हणून. काकांनीच निरोप पाठवला होता, कालची ती उशी पाठीला फार बरी वाटत होती.

आता तीन वाजून वीस मिनिटं झालीत. खुर्ची परत मिळालीय, पाठीवर ऊन आहे, पोटावर अंघोळीचा मोठा टॉवेल चौघडी करून धरलाय. श्वासाच्या यंत्राची नळी दोनदा उकळून घेतली, तरी तोंडात घालवत नाही. दुसरा गोळा आजही बसूनच आहे.

नवरा आत्ताच खालून आला.

"काका विचारत होते, उशीला दुसरा अभ्रा आहे का? हा जरा टोचतो म्हणाले."

"आहे."

"कुठे असतात गं?"

"डावं कपाट, वरून दुसरा कप्पा, टॉवेलांच्या मागे."

तो गेला. कपाटाचं दार वाजलं. मग बराच वेळ काही नाही.

"अगं, इथे टॉवेलच नाहीयेत!"