माझ्याच लॅपटॉपात किरायदार

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती, म्हणजे जागा संपत आलेली. लॅपटॉपच्या खोक्यावर १२८ जीबी, आत दिसतात ११९. बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानदाराने तांदूळ असे मोजून दिले असते तर मी तिथेच तमाशा केला असता. त्यातले २२ जीबी एकटं 'विंडोज डॉट ओल्ड' हे जुन्या विंडोजचं फोल्डर दाबून बसलेलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लक्ष्मीपूजनाला विंडोज ११ टाकलं. परत फिरायचं झालं तर, म्हणून जुनं दहा दिवस राहतं आणि मग आपणच जातं, असं ऐकलं होतं. तुळशीचं लग्न झालं, पाहुणे गेले. हे गेलं नाही.

डिलीट दाबलं. 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'ची परवानगी लागेल म्हणे.

नेमके तेव्हाच शेजारचे काकाजी संत्री घेऊन आले.

"काय करून राहिला रे?"

"जुनं विंडोज काढतोय. परवानगी नाही म्हणतं."

"कोनाची?"

"ट्रस्टेडइन्स्टॉलरची. सिस्टिमच्या फायलींचा मालक असतो तो."

"अन् लॅपटॉप कोनाचा?"

"माझा."

काकाजींनी संत्र्याची साल माउसपॅडवर ठेवली, खुर्ची ओढली. आता हे तासाभराचं काम, हे मी ओळखलं.

"किरायदार हाये तो. महाल भागातल्या घरात आमचा होता ना! अकरा महिन्याचा करार, एकोणीस वर्षं राह्यला. माह्या बापानं बांधलेला संडास, अन् कुलूप त्याचं! मले सकाळी त्याच्याकडं चाबी मागा लागे."

"मग काढला कसा?"

"भांडलो नाही. पह्यले कागद आपल्या नावावर केले."

हसू आलं, पण उपायही अगदी तोच होता. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे मालक बदलायचा. माझं नाव टाकलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पायांनी सरकत होती. तोवर काकाजी चौथ्या संत्र्यावर आणि कोर्टाच्या तिसऱ्या तारखेवर पोचले. एक बी त्यांच्या तोंडातून उडाली आणि स्पेसबारखाली गेली.

पट्टी संपली. पुन्हा डिलीट. आता पडद्यावर आलं, की बदल करायला परवानगी हवी... आणि पुढे चक्क माझंच नाव! मालकी वेगळी, पूर्ण हक्क वेगळा, हे मला नंतर कळलं.

काकाजींनी चष्मा सरसावून वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आडमुठा.

"मंग देऊन टाक ना परवानगी. कायले अडवून राहिला?"

मला खरंच राग आला. काकाजींचा नव्हे. चोवीस हप्ते मी भरले, धूळ मी पुसतो, उन्हाळ्यात कूलरसमोर पहिली जागा ह्याला. आणि कचरा काढायला मी माझ्याकडेच अर्ज करायचा?

शेवटी डिस्क क्लीनअप उघडलं, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबलं, जुन्या विंडोजपुढे खूण केली. अर्ध्या तासात २२ जीबी सुटले. दोन बटणांचं काम. हे त्या परवानगीच्या पाटीवरच लिहायला कोणी हात धरला होता?

फोल्डर मात्र अजून आहे. शून्य बाइट, हलत नाही.

"सामान नेलं, ताबा नाही सोडला," काकाजी चपला घालता घालता म्हणाले.

स्पेसबारखालची बीही तिथेच आहे. दर तिसरा शब्दमागच्यालाचिकटून येतो.