पहिल्या क्रमांकाचे शहर: पण कोणासाठी?

गेल्या काही महिन्यांत कोल्हापुरातील तालमींच्या गटांपासून निवृत्त प्राध्यापकांच्या गटांपर्यंत व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो आहे. तो थोडक्यात असा: ‘जागतिक संस्थेच्या शास्त्रीय पाहणीत व्हिएन्ना हे जगातील सर्वोत्तम शहर ठरले आहे. राहायला, नोकरीला आणि फिरायला असे दुसरे शहर नाही. यादीत भारतातले एकही शहर नाही, कारण शिस्त आपल्या रक्तातच नाही. मुलांना आजच जर्मन शिकवा.’ यावर निम्मे लोक सुस्कारा टाकून मजकूर पुढे पाठवतात आणि उरलेले ‘जगात भारी, कोल्हापुरी’ असे लिहून विषय निकालात काढतात. मजकूर तपासण्याच्या भानगडीत दोघेही पडत नाहीत. म्हणून तो एकेका वाक्याने तपासून पाहू.

‘शास्त्रीय पाहणी’ या शब्दांपासून सुरुवात करावी लागेल, कारण बाकीच्या सगळ्या दाव्यांचा भार त्यांच्यावर आहे. हा मजकूर ज्या यादीच्या आधारे लिहिलेला दिसतो, ती इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट ही संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते. तिच्यात १७३ शहरांना शंभरपैकी गुण दिले जातात: स्थैर्याला २५ टक्के, संस्कृती आणि पर्यावरणाला २५ टक्के, आरोग्यसेवेला २० टक्के, पायाभूत सुविधांना २० टक्के आणि शिक्षणाला १० टक्के असा भारांक असतो. यांतील काही घटक आकडेवारीवर बेतलेले असले, तरी बरेचसे घटक संस्थेचे विश्लेषक आणि त्या त्या शहरातील वार्ताहर आपल्या अंदाजाने ठरवतात. शहरातल्या रहिवाशांना घरोघर जाऊन काही विचारले जाते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडून द्यावा. यादी लबाडीची आहे, असे मला म्हणायचे नाही. ती ज्या कामासाठी केली जाते त्या कामाला ती चांगली आहे. ते काम कोणते, हे मात्र फिरत्या मजकुरात कोठेही नाही.

आपल्याकडे गडचिरोलीला बदली झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याला एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळतो, तशीच सोय बहुराष्ट्रीय कंपन्या परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांसाठी करतात. कोणत्या शहरासाठी किती भत्ता द्यायचा हे ठरवण्याचे साधन म्हणून अशा याद्यांचा उपयोग होतो. संस्थेच्या कोष्टकात तर हे सरळ लिहिलेले असते: पन्नास किंवा त्याहून कमी गुण असलेल्या शहरासाठी पगाराच्या २० टक्के भत्ता सुचवलेला, पुढे गुण वाढतील तसा १५, १० आणि ५ टक्के, आणि ऐंशीच्या वर गुण असतील तर काहीच नाही. आता २०२४ ची यादी पाहा. व्हिएन्ना ९८.४, कोपनहेगन ९८.०, झ्युरिक ९७.१. ज्या कंपन्यांसाठी हा खटाटोप चालतो, त्यांच्या हिशेबी या तिन्ही शहरांत एका पैशाचाही फरक नाही. आपण मात्र दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावरून ‘जगातील सर्वोत्तम’ ठरवून मोकळे होतो.

शिवाय मजकूर शिळा आहे. २०२५ च्या यादीत पहिला क्रमांक कोपनहेगनचा आहे आणि व्हिएन्ना झ्युरिकसह दुसऱ्या स्थानी आहे. घसरण का झाली? ऑगस्ट २०२४ मध्ये टेलर स्विफ्ट या गायिकेचे तेथील कार्यक्रम घातपाताच्या धोक्यामुळे रद्द करावे लागले, आणि अशा घटनांमुळे ‘स्थैर्या’चे गुण कमी झाले. ऑकलंडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. करोनाच्या काळात न्यूझीलंडने सीमा बंद ठेवल्याने तेथील शाळा आणि नाट्यगृहे चालू राहिली आणि २०२१ मध्ये ते शहर पहिले आले. पुढच्याच वर्षी, बाकीचे जग खुले झाल्यावर, ते ३४ व्या क्रमांकावर गेले. त्या बारा महिन्यांत ऑकलंडचे रस्ते, दवाखाने किंवा समुद्रकिनारे बदलले नव्हते.

‘राहायला असे दुसरे शहर नाही’ या दाव्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. वर दिलेल्या पाच भारांकांत घरभाडे आणि महागाई कोठेच नाही. राहणीखर्चाची पाहणी ही संस्था वेगळी करते आणि तिच्यात २०२३ साली सिंगापूर आणि झ्युरिक ही जगातील सर्वांत महाग शहरे ठरली होती. ‘राहण्यास उत्तम’ या यादीत वर असलेले झ्युरिक ‘परवडत नाही’ या यादीतही वरच असते, आणि कंपनीच्या खर्चाने राहणाऱ्याला ही दुसरी यादी वाचावी लागत नाही. व्हिएन्नाची खरी कमाई म्हणजे तेथील महापालिकेच्या मालकीच्या सुमारे २,२०,००० सदनिका आणि २०१२ पासून २०२५ पर्यंत ३६५ युरोंना, म्हणजे दिवसाला एका युरोला, मिळत असलेला ट्राम, बस आणि मेट्रोचा वार्षिक पास. पासाचा लाभ नव्याने आलेल्यालाही मिळतो. घराचा मिळत नाही. महापालिकेच्या घरासाठी अर्ज करायचा तर शहरात दोन वर्षे मुख्य वास्तव्य असल्याची नोंद लागते, आणि युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकासाठी दीर्घकालीन रहिवासाच्या परवान्याची अटही असते. म्हणजे राजारामपुरीतून किंवा कळंब्यातून तेथे गेलेला आपला मुलगा सुरुवातीची वर्षे खासगी भाड्याच्या घरात काढणार, आणि ज्या स्वस्त घरांमुळे त्या शहराचे नाव झाले ती त्याला ट्रामच्या खिडकीतून दिसणार. व्हिएन्नातील तीनांतील एकाहून अधिक रहिवासी ऑस्ट्रियाचे नागरिक नसल्याने त्यांना तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. राहण्याच्या गुणांत हेही धरलेले नाही.

नोकरीचा मुद्दा यादीत मुळातच नाही. रोजगार, पगार, बढती यांतला एकही शब्द त्या पाच शीर्षकांत सापडत नाही, कारण ज्याच्यासाठी यादी केली तो अधिकारी नोकरी घेऊनच त्या शहरात उतरतो. नोकरीसाठी शहर शोधणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. दुबईत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, पण बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि नोकरी गेली की परतीची तयारी करावी लागते. सिंगापूरमध्ये तीनचतुर्थांशांहून अधिक स्थायी रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात, मात्र कामाच्या परवान्यावर आलेल्याला ती नवी घरे विकत घेता येत नाहीत; आणि मोटार घ्यायची म्हटली तर दहा वर्षांच्या नुसत्या परवान्याची किंमत २०२३ मध्ये एक लाख सिंगापूर डॉलरच्या पुढे गेली होती. तरीही ही दोन्ही शहरे आपल्याकडच्या मुलांना व्हिएन्नापेक्षा अधिक खुणावतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

फिरायला उत्तम ते राहायला उत्तम, हे समीकरण तर कोल्हापूरकराने तरी मान्य करू नये. नवरात्रात, किंवा अगदी साध्या रविवारीसुद्धा, भवानी मंडपालगतच्या बोळात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातून दुचाकी बाहेर काढायला किती विनवण्या कराव्या लागतात, हे त्याला विचारावे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्याला जी पेठ मोहवते, तीच पेठ रहिवाशाच्या जिवाला घोर असते. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. आता ती संख्या पन्नास हजारांच्या खाली आली आहे आणि २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी केवळ एका दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्याकडून शहरप्रवेशाचे पाच युरो घेतले जाऊ लागले. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने संपवण्याचे जाहीर केले, कारण त्या घरांमुळे स्थानिकांना घर मिळेनासे झाले. जगभरचे पर्यटक ज्या बँकॉकमध्ये लोटतात, ते राहण्याच्या यादीत पहिल्या दहाच्या जवळपासही नसते.

सर्वांत अधिक खटकते ते ‘रक्तात शिस्त’ हे वाक्य, कारण ते यादीत नाही. ते मजकूर लिहिणाऱ्याने पदरचे घातले आहे. पहिल्या महायुद्धानंतरचे व्हिएन्ना कसे होते? एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, रात्रीपुरता पलंग भाड्याने घेणारे कामगार, आणि क्षयाचा इतका फैलाव की त्याला ‘व्हिएन्नाचा रोग’ असेच नाव पडले. तेथील लोकांचे रक्त तेव्हाही तेच होते. बदलला तो महापालिकेचा कारभार. १९२३ साली घरांवर चढत्या दराने गृहनिर्माण कर बसवण्यात आला. मोठ्या बंगल्यांना तो भारी आणि कामगाराच्या खोलीला नाममात्र होता. नोकरचाकर, मोटारी, शर्यतीचे घोडे यांवरही कर लागले. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्यांतली एक वसाहत, कार्ल मार्क्स होफ, एक किलोमीटरहून लांब असून तिच्यात मुळात १,३८२ सदनिका होत्या आणि सोबत धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या आणि दवाखानाही. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत याच वसाहतीवर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा जन्मजात शिस्तीची गोष्ट त्या शहराबाबत तरी जपून सांगावी.

कोपनहेगनचेही तसेच. तेथील स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये मोटारींना बंद करण्यात आला, तेव्हा दुकानदारांनी धंदा बसेल म्हणून ओरड केली आणि रस्त्यावर फिरणे-बसणे हे इटलीच्या लोकांना शोभते, आपल्या हवेत आणि स्वभावात ते बसत नाही, असाही आक्षेप निघाला. महाद्वार रस्त्यावरील पार्किंगचा विषय निघाला की आपल्याकडे जे सूर उमटतात, ते डॅनिश भाषेतही उमटले होते.

पाण्याचे उदाहरण कोल्हापूरकराला सर्वांत लवकर पटेल. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी केवळ उताराच्या जोरावर, शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून व्हिएन्नात पोहोचले ते १८७३ साली. आपल्याकडे काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी काही दशकांच्या मागणीनंतर आणि आंदोलनांनंतर २०२३ मध्ये आले. या अंतराचा हिशेब ज्याला मांडायचा असेल त्याने निधी, निविदा, परवानग्या आणि त्या त्या वेळच्या कारभाऱ्यांची नावे मांडावीत. रक्ताचा गट विचारू नये. ज्या संस्थानात १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश निघाला आणि त्याआधीच जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, तेथील माणसाने तरी शहरे कशी घडतात याविषयी इतके हताश होण्याचे कारण नाही.

‘यादीत भारतातले एकही शहर नाही’ हे विधान सरळ चुकीचे आहे. २०२३ च्या यादीत दिल्ली आणि मुंबई १४१ व्या क्रमांकावर होत्या, आणि चेन्नई, अहमदाबाद, बंगळुरू त्यांच्या थोड्या खाली. हे काही मिरवण्यासारखे क्रमांक नव्हेत, पण नसणे वेगळे आणि खाली असणे वेगळे. पुण्याचे उदाहरण गमतीचे आहे: केंद्र सरकारच्या २०१८ च्या राहणीसुलभता निर्देशांकात ते देशात पहिले आले, तर मर्सर या सल्लागार कंपनीच्या २०१९ च्या जागतिक यादीत हैदराबादच्या बरोबरीने १४३ वे. शनिवार पेठेतल्या माणसाला दोन्ही क्रमांक सांगितले, तर तो दोन्ही चूक असल्याचे सप्रमाण सिद्ध करील.

राहता राहिला ‘मुलांना आजच जर्मन शिकवा’ हा सल्ला. तो चांगला आहे, फक्त त्याला दिलेले कारण चुकीचे आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, वाहनचालक अशा कामांचा विचार आहे, आणि जर्मन येणे ही त्यातली पहिली पायरी आहे. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट म्हणजे मोटारउद्योगाचे माहेर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत आणि यंत्रशाळांत हात तयार झालेल्या आयटीआयच्या मुलाला तेथील कामाची जातकुळी नवीन वाटणार नाही. जाण्यापूर्वी त्याने प्रमाणपत्राची मान्यता, भाषेची लागणारी पातळी, घरभाडे आणि जोडीदाराला काम करण्याची मुभा यांची चौकशी करावी. ‘सर्वोत्तम शहरां’ची यादी त्याला या कामी उपयोगाची नाही: २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तिच्या पहिल्या दहांत जर्मनीतले एकही शहर नव्हते.